कागदावरची श्रीमंती

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलाला आधी कागदावर श्रीमंत व्हावं लागतं. वर्षभराची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च निघेल एवढे पैसे दाखवल्याशिवाय विद्यापीठ व्हिसासाठी लागणारा आय-२० फॉर्म देत नाही. वडिलांची एफडी, घर तारण ठेवून काढलेलं कर्ज, मामाचं हमीपत्र. सगळं जोडून आकडा गाठला जातो. पुढे रुपया घसरतो, घरभाडं वाढतं. भाडं अर्धं भरून चालत नाही, जेवण मात्र अर्धं करता येतं. म्हणून कात्री लागते ती किराण्याला.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम, तेही कॅम्पसवर. सरकारची ‘स्नॅप’ ही अन्नमदत विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. उरते फूड पँट्री, म्हणजे कॅम्पसवर फुकट किराणा देणारी जागा. मिशिगन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनीच १९९३ साली ती सुरू केली, आता शेकडो कॅम्पसवर आहे. बहुतेक ठिकाणी कॉलेजचं ओळखपत्र पुरतं. राजम्याचे डबे, पास्ता, पीनट बटर, कधी तांदूळ. तरी आपली मुलं कचरतात. व्हिसावर शेरा बसेल ही ऐकीव धास्ती असतेच, त्याहून मोठी लाज. आईने फोनवर “जेवलास का?” विचारलं की उत्तर ठरलेलं: “हो, आत्ताच.” समोर मॅगी असते.

ही लाज आली कुठून, कळत नाही. एकेका वारी एकेका घरी, असे वार लावून जेवत पुण्यात पिढ्या शिकल्या. (ते वारही जात बघूनच मिळत, हे विसरू नये.) साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवणाऱ्या भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. तिथे जेवलेल्यांनी ते आयुष्यभर अभिमानानेच सांगितलं.

कॅनडात तर पैसे दाखवल्याचा तोच कागद फूड बँकेच्या दारात आडवा येतो. पैसे दाखवूनच आलात ना, मग इथे कशाला? ब्रॅम्प्टनच्या एका फूड बँकेने २०२३ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना दार बंद केलं. पुढे सरकारने २०२४ मध्ये दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ केली. म्हणजे कर्ज तेवढं वाढलं.

डिसेंबरच्या सुट्टीत स्थानिक मुलं घरी जातात, मेस बंद होते, पँट्रीही बऱ्याच ठिकाणी. सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात जाऊन सामान भरून ठेवावं, आणि एकट्याने जायचा संकोच वाटला तर रूममेटला बरोबर न्यावं.