चोविसांतला कोळी

दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत एक कोळी आहे. स्वतःतून धागा काढतो, त्यात रमतो, शेवटी तोच गिळतो. ईश्वरही जग असंच मांडतो आणि मोडतो. भागवताच्या अकराव्या स्कंधातला हा दृष्टांत. एकनाथांनी त्याच स्कंधावरची टीका १५७३ साली काशीत पुरी केली.

न्यू जर्सीतल्या माझ्या घरातला कोळी मात्र मार्टिनीक बेटाच्या जातीचा, झाडावर राहणारा टॅरँट्युला. पिल्लू निळंशार, नखाएवढं. मोठेपणी हिरवं-तांबडं होईल. त्याचं जग मांडायचं काम माझ्याकडे. उभी बरणी, आत तिरकी टेकवलेली बुचाची साल, प्लास्टिकची पानं. भोकं समोरासमोर, कारण कोंडलेली ओल या जातीच्या जिवावर उठते. जाळं ते अगदी वर विणतं. दर वेळी झाकण उघडताना घर फाटायला नको, म्हणून बरणी उलटी करून माती झाकणातच भरली.

खरा घोळ माश्यांचा. न उडणाऱ्या फळमाश्या विकत मिळतात, त्या मी आत सोडते. आई फोनवर म्हणाली, "अगं, एकाला जगवायला दहा मारतेस, हे कसलं पुण्य?" पुण्यासाठी कोण करतंय! पण रानात कोळ्याने माशी धरली तर पाप कुणाचंच नाही. इथे ते माझ्या खात्यावर चढतं, कारण माशीला पळायला जागा मीच ठेवलेली नाही. पटतं, तरी डबी उघडतेच. आणि हो, भागवताच्या त्या मूळ श्लोकात धागा आहे, कोळी आहे, महेश्वर आहे, माशी नाही. हे मला खटकतं.