पाय कुठे ठेवायचे?

औंढा नागनाथची ही गोष्ट मराठवाड्यात लहानपणीच कानावर पडते. गुरूच्या शोधात नामदेव देवळात येतात, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले. नामदेवांना राहवत नाही. विसोबा म्हणतात, मी म्हातारा, पाय हलवायची ताकद नाही. जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय फिरवत राहतात आणि पायाखाली पिंड उगवतच राहते.

औंढा ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात वसमत तालुक्यात कुरुंदा आहे. विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावातले गाव हेच. 1932 ते 1982, पन्नाशीही न गाठलेले आयुष्य. त्यात हा उघड नास्तिक माणूस मनुस्मृतीपासून संतांपर्यंत सगळे बारकाईने वाचत राहिला, तपासत राहिला. नामदेवांची नर्सीही याच जिल्ह्यातली. श्रद्धा आणि चिकित्सा इतक्या जवळ नांदलेल्या या मुलखात एक प्रश्न विचारायलाच हवा. सगळीकडे एकच तत्त्व भरलेले असेल, तर इजा करणारा कोण आणि इजा होते ती कोणाला?

हा प्रश्न नुसता शब्दांत फिरवला तर हाती काही लागत नाही. एखाद्या जिवापाशी नेऊन तो तपासावा. प्रवाळ त्यासाठी फार योग्य आहे.

कुरुंद्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, पण त्याचा एक तुकडा इथल्या घरांनाही अनोळखी नाही. पत्रिकेत मंगळ कडक निघाला की पोवळ्याची अंगठी सुचवली जाते. नवरत्नांतली माणिक आणि नीलम ही कुरुंद या खनिजाची रूपे, म्हणजे दगडच. पोवळे मात्र जिवाचा सांगाडा आहे. अस्सल लाल पोवळ्याचे जुने माहेर भूमध्य समुद्र, आणि ते घडवणाऱ्या कारागिरांचे प्रसिद्ध गाव म्हणजे इटलीतल्या नेपल्सच्या आखातावरचे तोर्रे देल ग्रेको. हे लाल प्रवाळ खडकाला धरून फार सावकाश वाढते. 1999 आणि 2003 च्या उन्हाळ्यांत भूमध्याचे पाणी असाधारण तापले, तेव्हा त्याच्याही वसाहती मेल्या. मंगळाची पीडा टळावी म्हणून बोटात घातलेला जीव ज्या समुद्रातून येतो, तो समुद्रच असा पीडेत सापडला आहे.

त्याच समुद्रात त्याचे एक दूरचे भावंड राहते, क्लॅडोकोरा सेस्पिटोसा. प्रवाळभिंती म्हटल्या की उष्ण कटिबंध डोळ्यांपुढे येतो; हे मात्र समशीतोष्ण पाण्यात, थंड हिवाळे सोसत भिंती उभारते. दुरून उशीएवढा खडक दिसतो. जवळून पाहिले तर चुनखडीच्या शेकडो नळ्या, आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक इवलासा मांसल जीव, पॉलिप. पॉलिपच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हातून अन्न तयार करते आणि यजमानाला देते. मग यातला ‘मी’ नेमका कोणता? पॉलिप, शैवाल, की सगळ्यांनी मिळून बांधलेला चुना?

पाणी फार तापले की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते, पॉलिप पांढरे पडतात आणि उपासमार सुरू होते. उष्णता लांबली तर मांसच गळून जाते व उघडा सांगाडा मागे राहतो. नेपल्सच्याच आखातात इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, त्यामुळे तिथले पाणी नैसर्गिकरीत्याच इतर समुद्रापेक्षा अधिक आम्लधर्मी आहे. संशोधकांनी हे प्रवाळ तिथे नेऊन ठेवले. जिथे जिवंत मांसाचे आवरण होते तिथे चुना टिकला, त्याची वाढही चालू राहिली. उघडा पडलेला चुना मात्र विरघळू लागला. उन्हाळ्याची उष्णता त्या आम्लतेला येऊन मिळाली तेव्हा ते आवरणही पुरे पडेना. एकेक संकट सोसणारा जीव दोन एकदम आल्यावर खचला.

स्पेनजवळच्या कोलुंब्रेतेस बेटांपाशी 2003 नंतर या प्रवाळाच्या वसाहती पुन्हा पुन्हा मरत गेल्या. संशोधकांनी तिथल्या वसाहतींवर सुमारे 16 वर्षे नजर ठेवली. मेल्याच, असे धरलेल्या काही वसाहतींत काही वर्षांनी पुन्हा जिवंत पॉलिप दिसले. उष्णतेत काही पॉलिप आकसले होते, स्वतःच्या घराचा मोठा भाग सोडून आत खोल लहानसे होऊन बसले होते. दिवस पालटल्यावर त्यांनी जुन्या सांगाड्यातच नवा, आधी लहान आणि मग रुंदावत जाणारा पेला बांधला. अशा खुणा आधी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म प्रवाळांत ओळखल्या गेल्या होत्या.

देह वस्त्रासारखा टाकायचा, ही कल्पना मराठी कानाला नवी नाही. इथे मात्र देह पूर्ण टाकलेला नाही. जेवढा राखता येईल तेवढाच राखला आहे.

जपानच्या किनाऱ्यावर वेगळे घडले. सुमारे 80 वर्षांच्या नोंदी सांगतात की काही प्रवाळजाती उत्तरेकडे, समशीतोष्ण पाण्यात, वर्षाला 14 किलोमीटरपर्यंत सरकल्या. पण पॉलिप एकदा चिकटला की हलत नाही. सरकतात त्या अळ्या, प्रवाहासोबत, म्हणजे पुढची पिढी. आपल्या मालवणचे प्रवाळ तर उष्ण, गढूळ पाण्यातले. 1987 पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, तरी त्यांनाही पांढरे पडणे चुकलेले नाही. अभयारण्याची हद्द पाण्याच्या तापमानाला अडवत नाही.

आता पुन्हा औंढ्याच्या देवळात. त्या गोष्टीतून ‘सर्वत्र देव’ एवढेच सांगितले जाते. पण पाय उचलत कोण होते? नामदेव. देव सगळीकडे असला तरी ते पाय कुठे ठेवायचे, हे काम त्यांच्याच हातांवर सोपवले होते. अभेदाने जबाबदारी पुसली गेली नाही; उलट पाय टाकायला रिकामी जागाच उरली नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी जपून टाकणे आले. समुद्राचे तापणे ही सृष्टीची लीला, असे म्हणून हात झटकणाऱ्या अध्यात्माला या गोष्टीत आधार मिळत नाही. कोळसा आणि तेल जाळून हवेत गेलेला कार्बन कोणाच्या हातून गेला, हे मोजता येते. आणि जे मोजता येते त्याला प्रारब्ध म्हणणे ही श्रद्धेचीही फसवणूक आहे.

जुलै 2022 मध्ये आसना नदीचे पाणी कुरुंद्यात घराघरांत शिरले. त्या एका पुराचा दोष थेट तापलेल्या हवेवर टाकणे घाईचे होईल. पण हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, हे भौतिकशास्त्र वसमत तालुक्यालाही लागू आहे. ज्या हवेने भूमध्याचे पाणी तापवले, तीच हवा इथेही आहे. विसोबांचे ‘सर्वत्र’ असे अंगणापर्यंत येते.

कोलुंब्रेतेसच्या त्या पॉलिपांनी धरलेली वाढ वर्षाला जेमतेम 3 मिलिमीटर असते. हातभर उंची गाठायला शतकाहून अधिक काळ लागेल. दोन उष्ण उन्हाळ्यांमधले अंतर मात्र कमी होत चालले आहे.