झेलममधून घराकडे

जम्मूहून पुण्याला येणाऱ्या झेलम एक्सप्रेसमध्ये सुटीवर घरी निघालेले जवान हमखास भेटतात. दोन हजारांहून अधिक किलोमीटर आणि सलग दोन रात्री.

रावी, बियास आणि सतलज ओलांडत गाडी पंजाब मागे टाकते. मग चंबळ, नर्मदा, तापी. भुसावळच्या फलाटावर मराठी कानावर पडते, तसा डब्यातला थकवा निम्मा उतरतो. पुढे पुणतांब्याला गोदावरी, दौंडजवळ भीमा.

स्लीपरच्या एका कप्प्यात आठ बर्थ. मधला बर्थ उघडायचा तो रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातच. दिवसा त्याचा प्रवासी खालच्या बर्थवर बसतो. त्यामुळे अनोळखी माणसांना रोज एकमेकांच्या झोपेचा विचार करावाच लागतो. आजींना लवकर आडवं व्हायचं असतं, कुणाला पहाटे उतरायचं असतं. हे सारं बोलून ठरतं, आणि बहुतेकदा गोडीनं ठरतं. डबे उघडले की ओळखही वाढते.

जवानाचा प्रवास मात्र पुण्यात संपतोच असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावानं पहिल्या महायुद्धापासून सैन्याला माणसं दिली. तिथल्या जवानाला पुणे स्टेशनवर उतरून साताऱ्याची एसटी गाठायची असते. मोजक्या सुटीतले काही दिवस असे प्रवासातच जातात.