सल्ल्याची पारख

घरातील अडचण बाहेर सांगितल्याने अब्रू जाते, अशी समजूत आम्ही अनेक कुटुंबांत पाहतो. परंतु दोष सांगण्यात नाही. मिळालेला सल्ला न पारखण्यात आहे. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. त्यातील अयोध्याकांड पाहावे. रामाच्या अभिषेकाची वार्ता ऐकून कैकेयी प्रथम हर्षितच झाली. तिने मंथरेस अलंकारही दिला. पुढे मंथरेने एकांतात तिच्या मनात भय पेरले. कैकेयीने मग दुसऱ्या कोणासही विचारले नाही.

म्हणून आम्हांस वाटते, दुःख एकांतात अवश्य सांगावे. परंतु ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे, तो ऐकत असता तरी सल्ला देणारास लाज वाटली नसती, तोच सल्ला घर राखतो.