प्रस्तावातील हमी

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला आणि आपले सौंसर त्यात सामील झाले. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या, पूल, नळयोजना हव्यातच. आणि अशा कामांच्या आराखड्यासाठी अभियांत्रिकी सल्लागार संस्थांकडून प्रस्ताव मागविण्याचा सरकारी रिवाज आहे. गुणवत्ता व खर्च यांच्या संयुक्त निवडपद्धतीत सामान्यतः ७० ते ८० टक्के भार तांत्रिक प्रस्तावावर असतो, म्हणजे जो इसम पूल बांधणार नाही आणि नदीत उतरणारही नाही, त्या प्रस्तावलेखकाच्या लेखणीवर काम कोणाच्या पदरी पडेल हे पुष्कळ अंशी अवलंबून राहते.

मुदत तुटपुंजी असते, म्हणून जुन्या दप्तरातील मजकूर गावाचे नाव बदलून नव्या मसुद्यात उतरतो. पण पांढुर्ण्याकडे लाव्हाचा काळा पाषाण आणि सौंसरच्या पूर्वेला, आपल्याच गावाच्या नावाने भूशास्त्रात प्रसिद्ध असलेला, मँगनीज पोटात बाळगणारा प्राचीन रूपांतरित खडक, अशी जेथे भूमीच दुभंगलेली आहे, तेथे परजिल्ह्यातील पायाचे वर्णन जसेच्या तसे लावणे म्हणजे न पाहिलेल्या जमिनीची साक्ष देणे होय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीच्या पात्रात गोटमार ही दगडफेकीची जत्रा असते हे ज्याला ठाऊक नाही, तो त्याच दिवशी तेथे मोजणी दाखविण्यासही कचरत नाही.

याहून गंभीर गोष्ट माणसांच्या नावांची आहे. गुण मिळावेत म्हणून अनुभवी अभियंत्याची कारकीर्द प्रस्तावात जोडावयाची आणि काम मिळाल्यावर प्रकृतीचे निमित्त सांगून त्याच्या जागी नवखा पाठवावयाचा, हा प्रकार या व्यवसायात अपरिचित नाही. जागतिक बँकेच्या प्रस्ताव-नमुन्यात तज्ज्ञाने आपला तपशील सत्य असल्याची व काम मिळाल्यास आपण उपलब्ध असल्याची लेखी कबुली द्यावयाची असते. परंतु तो अभियंता प्रत्यक्ष येणार आहे काय, हे नुसत्या त्या सहीवरून कळत नाही. प्रस्तावलेखकाला मात्र ते बहुधा माहीत असते, आणि म्हणूनच त्याला केवळ लेखनिक समजून दोषमुक्त करणे मला मान्य नाही.

त्याच नमुन्यात कार्यकक्षेवरील अभिप्राय व सूचनांसाठी स्वतंत्र जागा राखलेली असते. बहुतेक संस्था ती स्तुतीने भरतात अथवा कोरी सोडतात. संत्र्याच्या बागांनी भूजलावर ताण दिलेल्या या तालुक्यात विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजल्यावाचून नळयोजनेचा स्रोत ठरवू नये, त्यास दिलेली मुदत पुरणार नाही, असे त्या रिकाम्या जागेत निर्भयपणे लिहिणारा लेखक मला त्या संस्थेतील सर्वांत उपयोगी मनुष्य वाटतो. असे लिहिल्यामुळे एखादे काम हातचे गेले, तर मालकांनी त्याच्याकडे जाब मागू नये. पुढच्या प्रस्तावापूर्वी त्याला चार दिवस सौंसरला पाठवावे, आणि त्याचा भत्ता खर्चात धरावा.