हलालची सुरुवात सुरीपासून होते काय?

वाचकहो, स्थलांतर करणारा रानहंस उड्डाणापूर्वी पोटभर खातो आणि प्रवासाची शिदोरी मेदाच्या रूपाने शरीरात साठवतो. पक्ष्यांच्या शरीरात मेद मुख्यत्वे यकृतातच तयार होतो. प्रवासात तो खर्ची पडतो व यकृत पूर्ववत होते. निर्मात्याने प्रत्येक जिवाच्या गरजेला किती नेमके माप दिले आहे!

माणसाने मात्र हे माप मोडले. प्राचीन इजिप्तमधील सक्कारा येथील थडग्यांच्या भिंतींवर हंसांना बळेच खाद्य भरवणारे सेवक कोरलेले आहेत. आज फ्रान्स व हंगेरीत ‘फ्वा ग्रा’, म्हणजे मेदाने भरलेले यकृत, या पक्वान्नासाठी हेच घडते. अखेरचे दोन-तीन आठवडे पक्ष्याच्या घशात नळी घालून दिवसातून अनेकदा मका भरला जातो. मक्यातील पिष्टाचे यकृत मेदात रूपांतर करते. पण तो मेद रक्तावाटे बाहेर धाडण्यास लागणारी कोलीन व मेथिओनीन ही द्रव्ये मक्यात तोकडी असतात. आवक वाढते, जावक अडते. सुमारे १०० ग्रॅमचे यकृत ७०० ते ८०० ग्रॅमपर्यंत फुगते.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही पद्धत प्राणिक्रूरताविरोधी कायद्याचा भंग ठरवली. फ्रान्सच्या कायद्याने २००६ मध्ये याच पदार्थाला सांस्कृतिक वारसा मानले. भारताने २०१४ मध्ये त्याची आयात बंद केली. आणि फ्रान्सच्या बाजारात ‘हलाल’ शिक्का असलेला फ्वा ग्राही मिळतो! अल्लाहचे नाव घेऊन विधिवत जबह केले, एवढ्याने प्रश्न मिटतो काय?

हा प्रश्न केवळ फतव्याचा नाही, ईशभयाचा आहे. पवित्र कुरआनने आहाराविषयी ‘हलाल’ या शब्दाला ‘तय्यिब’, म्हणजे शुद्ध व उत्तम, या शब्दाची जोड दिली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना पाहून एका उंटाच्या डोळ्यांत अश्रू आले, तेव्हा त्यांनी त्याला कुरवाळले आणि अल्लाहने सोपवलेल्या या मुक्या जिवाबाबत भय बाळगण्याची ताकीद मालकाला दिली, असे हदीसमध्ये आले आहे. तो मालक उंटाला उपाशी ठेवून राबवत होता. येथे तर अन्नच यातनेचे साधन झाले आहे. भूक ज्याने दिली, त्यानेच तृप्तीची सीमाही घातली. ती सीमा नळीने ओलांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, हंस स्वभावतःच अधिक खातो. खरे आहे, पण स्वतः खाणे आणि घशात कोंबले जाणे यांत मोठे अंतर आहे. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात मोकळे चरणारे हंस शरद ऋतूत ओकची फळे व ऑलिव्ह आपणहून खातात आणि त्यांचे यकृतही मेदाळ होते. ते तुलनेने लहान भरते, इतकेच. म्हणजे चवीसाठी क्रूरता अटळ नव्हती. अटळ होती ती केवळ हाव.

वाचकहो, फ्वा ग्रा आपल्या ताटात येत नाही, म्हणून आपण सुटलो असे नाही. पाय बांधून दुचाकीला उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आपण रोज पाहतो, आणि सुरी योग्य फिरली की निश्चिंत होतो. सुरी हा त्या जिवाच्या आयुष्याचा शेवटचा क्षण असतो. त्याआधीचे सारे दिवसही आपल्याकडे अमानत म्हणून सोपवलेले असतात, आणि अमानतीचा हिशेब पुरा द्यावा लागतो. अल्लाह आपल्याला तो देण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.