दिलेला होकार

जून महिना, शाळा उघडायला आठवडा उरलेला. नुकतंच बी.एड. झालेल्या एका मुलीने तालुक्याच्या गावातल्या खासगी शाळेला होकार कळवलाय, आणि आज शहरातल्या शाळेकडून जास्त पगाराचं बोलावणं आलंय. काय करावं तिने?

पैशाचा विचार केला म्हणून तिला कुणी नावं ठेवू नयेत. आपल्याकडे प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला ६ हजार रुपये मानधन मिळे; २०२३मध्ये ते १६ हजार झालं. अशा तुटपुंज्या पैशात संसार रेटणाऱ्यांना त्यागाच्या गोष्टी मी सांगणार नाही.

पण तिच्या होकारावर विसंबून शाळेने बाकीच्या उमेदवारांना नाही म्हटलं असेल, वेळापत्रकात तिचं नाव घातलं असेल. खासगी शाळांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीत अस्थायी शिक्षकालाही नोकरी सोडताना महिन्याची नोटीस द्यावी लागते. वर्ग उघडा पडू नये, हाच त्यामागचा विचार. ऑगस्टमध्ये गणिताच्या बाई निघून गेल्या, तर अपूर्णांक अर्ध्यावर राहतात आणि पोरांना थेट दहावीपर्यंत छळतात.

मला वाटतं, तिने शब्द पाळावा, निदान हे एक वर्ष. घरची अडचण खरोखर मोठी असेल, तर आजच मुख्याध्यापकांना समक्ष भेटून सांगावं; फोन बंद करून बसू नये. आणि संस्थाचालकहो, नेमणुकीचं पत्र हातात द्या, पगार वेळेवर करा. शब्द तुम्हीही दिलेला असतो.